बसवाहक (कंडक्टर)

बसवाहक : प्रवाशांना तिकीट देणारा, गाडी कुठे थांबायची नि कधी सुटायची याचा इशारा देणारा आणि आतल्या माणसांची काळजी वाहणारा सार्वजनिक बसवरील कर्मचारी. बोलीत कंडक्टर, एसटीच्या कागदोपत्री वाहक. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या तिसऱ्या प्रकरणात वाहकासाठी स्वतंत्र परवान्याची तरतूद आहे. छातीवरचा बिल्ला त्या परवान्याची खूण.

मुंबईत बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. पहिल्या गाडीच्या आठवणीत चालकाबरोबर वाहकाचेही नाव टिकले आहे, आणि ते योग्यच आहे.

जुन्या वाहकाचे सारे दुकान अंगावर असे. खांद्याला चामडी पिशवी, हातात पत्र्याची तिकीटपेटी, पेटीत भाड्याच्या रकमेप्रमाणे रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे. मोठ्या भाड्याला दोन-तीन तिकिटे एकत्र धरून त्यांना पंचने भोक पाडायचे. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर बेतलेले, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक फाटा वाहकाला तोंडपाठ असावा लागे. तोच पंच आसनाच्या दांडीवर टिकटिक वाजवला की पेंगुळलेला प्रवासी खिशात हात घाली. सुट्टे नसले की ‘मागे लिहून देतो’ म्हणत तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहायची, नाहीतर दोन प्रवाशांत एक नोट देऊन ‘उतरल्यावर वाटून घ्या’ सांगायचे. अनोळखी माणसे मग स्टँडवर चहाच्या टपरीशी एकत्र उभी राहत. घंटेची दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. ‘डबल बेल’ हा शब्द तिथूनच मराठीत रुळला.

या कामाला यंत्राचा पहिला हात लागला तो हातातल्या इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्राने. पंच नि पेटी गेली, वेबिल म्हणजे फेरीच्या तिकीट-हिशेबाचा कागद भरायची कटकट कमी झाली, हिशेब लवकर जुळू लागला. वाहकाला हे सोयीचेच झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. नव्या यंत्रांवर क्यूआर कोड दाखवून यूपीआयने भाडे घेता येते, त्यामुळे सुट्ट्यांवरून होणारी रोजची वादावादी ओसरली आहे.

दुसरा हात मात्र वाहकालाच लागला. बेस्टने काही मार्गांवर विनावाहक गाड्या सुरू केल्या तेव्हा वाहक गाडीतून उतरून थांब्यावर उभा राहिला आणि तिथेच तिकीट देऊ लागला. एप्रिल २०२२ मध्ये गेटवे ऑफ इंडिया ते चर्चगेट या मार्गावर चढताना-उतरताना कार्ड किंवा मोबाइल टेकवून भाडे कापणारी सेवा आली. जुन्या डबलडेकरला खाली एक, वर एक असे दोन वाहक असत. डिझेलवरची शेवटची डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. एसटीत सातारा–स्वारगेटसारख्या ‘विनावाहक, विनाथांबा’ गाड्यांचे तिकीट स्टँडवरच काढून बसायचे असते. दोन मोठ्या गावांमध्ये मधे कोणी चढणार-उतरणार नसेल, तर वाहक नसणे समजण्यासारखे आहे.

अडचण आहे ती हिशेबाच्या पद्धतीत. वाहकाचे काम तिकिटात मोजले जाते, म्हणून तिकिटाचे यंत्र आले की माणूस जास्तीचा वाटतो. त्याच्या कामाचा मोठा भाग कुठल्याच वेबिलात चढत नाही. पाटी वाचता न येणाऱ्या आजीला तिचा फाटा आला म्हणून हाक मारायची. राखीव जागेवरून धडधाकट माणसाला उठवायचे. अरुंद स्टँडवर गाडी मागे घेताना पत्र्यावर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचे. तालुक्याला शिकणाऱ्या मुलासाठी आईने फाट्यावर दिलेला डबा, फडक्यात बांधलेला, नाव लिहिलेला, चालकामागच्या जागेत ठेवून स्टँडवर त्या मुलाच्या हातात द्यायचा. संध्याकाळी तोच डबा रिकामा होऊन परत जाई. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कित्येकांचे शिक्षण या डब्यावर झाले आहे. कार्ड टेकवण्याच्या यंत्राला डबा घेता येत नाही.

सरकारी सवलतींनी वाहकाचे काम उलट वाढवले आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे. ज्येष्ठांचे ओळखपत्र पाहायचे, जन्मसाल वाचायचे आणि शून्य रुपयांचे तिकीट हातात द्यायचे. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या, पिशवीतल्या पिशवीत कार्ड ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसापुढे दोन मिनिटे थांबणे हा त्या कामाचाच भाग, मग मागून कितीही घाई होवो.

लंडनमध्ये वाहकाविना बस चालवण्याचे वळण फार आधी आले. चालकाकडेच भाडे देण्याची पद्धत तिथे १९६०च्या दशकापासून पसरत गेली आणि ९ डिसेंबर २००५ रोजी १५९ क्रमांकाच्या मार्गावरून, वाहक असलेल्या जुन्या रूटमास्टर बस नियमित सेवेतून निघाल्या.

खेड्यापाड्यांतल्या मुक्कामी गाडीवर वाहक अजून आहे. रात्री शेवटच्या गावात गाडी लागते, चालक-वाहक तिथेच झोपतात. पहाटे पहिली फेरी सुटण्याआधी वाहक एकदा बाहेर डोकावतो. दूध घेऊन जाणारा अजून आला नसेल, तर डबल बेल थोडी उशिरा पडते.