गॅस संपला नव्हता

मे महिन्यातल्या एका दुपारी नाशिकच्या पाथर्डी फाट्याहून साडूंचा फोन आला. ‘‘अहो, एसीतला गॅस परत संपला. परवाच तर भरला होता!’’

मुंबईहून येताना कसारा घाटाच्या अलीकडे ट्रकच्या चाकाखालून उडालेला दगड त्यांच्या गाडीच्या कंडेन्सरवर बसला होता. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची पातळ जाळी. साडूंचे हात मुळात चालते. त्यांनी नवा कंडेन्सर मागवला, दाब मोजायचं गेज आणि गॅसचे दोन कॅन आणले, रविवारी बंपर उतरवून तो बसवला आणि गॅस भरला. दोन दिवस गाडी छान गार झाली आणि तिसऱ्या दिवशी द्वारका चौकात सिग्नलला उभे असताना लू सुटली.

‘गॅस संपला’ हे आपल्याकडचं एसीचं सरसकट निदान. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांच्या वर्तुळात तोच तोच फिरत राहतो आणि वाट मिळाली तरच बाहेर जातो. त्यामुळे दुरुस्तीनंतर एसी रुसला की बाहेर काय गेलं याच्या आधी मी आत काय शिरलं ते विचारतो.

मुळात गारवा येतो कुठून? माठात येतो तिथूनच. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेऊन जातं. गाडीत पाण्याच्या जागी बहुधा आर-१३४ए नावाचा द्रव असतो, आपण ज्याला ‘गॅस’ म्हणतो तोच. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांनाच उकळतो. दाब बदलला की त्याचा उत्कलनबिंदू बदलतो आणि एसीची सगळी करामत यावरच चालते. डॅशबोर्डमागच्या कुलिंग कॉइलमध्ये दाब हवेच्या साधारण तिप्पट ठेवला की तो शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि आतली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून पुढे ढकलतो. दाब १५ पटींवर गेला की तीच वाफ ५५ अंशांना पुन्हा द्रव होऊ पाहते. नाशिकच्या मे महिन्यातली ४० अंशांची झळसुद्धा अशा वाफेला गारच! म्हणून कंडेन्सर त्या झळीतही उष्णता बाहेर टाकू शकतो, फक्त त्याच्यावरून वारा वाहायला हवा.

साडूंकडे गेल्यावर आधी तो वाराच पाहिला. गाडी हायवेला गार आणि सिग्नलला गरम असेल तर संशय पंख्यावर जातो, कारण पळत्या गाडीला वारा आपोआप मिळतो आणि उभ्या गाडीला पंख्याकडून. एसी लावून बॉनेटखाली वाकलो. दोन पंख्यांपैकी एक गप्प होता. बंपर काढताना त्याचं कनेक्टर सुटलं होतं आणि परत लावताना अर्धंच बसलं होतं. दाबल्यावर ‘टक’ झालं आणि पंखा फिरू लागला. साडूंनी विजयी मुद्रेने चहा मागवला.

चहा संपायच्या आत एसी परत गरम.

पण आता त्याची वागणूक वेगळी होती. पंधरा मिनिटं गार, मग हळूहळू गरम. बंद करून दहा मिनिटं थांबलं की परत गार. ब्लोअरचा वारा मात्र पूर्णवेळ तेवढाच जोरात. हा तपशील मोलाचा आहे. कुलिंग कॉइलवर बाहेरून बर्फ साचला असता तर वाराच अडला असता. इथे वारा मोकळा आणि तरी गरम, म्हणजे अडथळा नळीच्या आत असावा. गेज जोडलं. कमी दाबाचा काटा ३० पीएसआयवर होता. तो आमच्यासमोर घसरत घसरत शून्याच्या खाली गेला.

तो अडथळा पाण्याचा होता. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून द्रव जिथे कमी दाबात उतरतो तिथे त्याचं तापमान एकदम पडतं. सिस्टिममध्ये थेंबभर पाणी असलं तरी ते तिथे गोठून छिद्र बुजवू शकतं. एसी बंद केला की बर्फ वितळतो आणि वाट मोकळी होते. म्हणून तो ‘आपोआप बरा’ होतो.

पाणी आलं कुठून? जुना कंडेन्सर काढल्यावर नळ्यांची तोंडं आठवडाभर उघडी होती. कॉम्प्रेसरचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. तो ओलावा टिपायला ड्रायरमध्ये दाणे असतात, पण उघडे राहिले तर तेही हवेनेच तृप्त होतात.

‘‘पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम मारला होता का?’’

‘‘नाही हो. थोडा गॅस सोडून हवा ढकलून दिली.’’

ढकलली हवा सगळी जात नाही हे दाखवायला गाडी रात्रभर तशीच ठेवायला सांगितली. सकाळी ऊन यायच्या आत मोजलं तेव्हा हवा २५ अंश होती. एवढ्या तापमानाला निव्वळ आर-१३४एचा दाब नाशिकमध्ये गेजवर साधारण ८३ पीएसआय दिसायला हवा. काटा ९५च्या आसपास होता. वरचे बारा आत कोंडलेल्या हवेचे. ही हवा कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते, काही केल्या द्रव होत नाही आणि कॉम्प्रेसरवर भार टाकते.

‘‘म्हणजे गॅस जास्तच आहे की!’’ साडू म्हणाले. तसंही नाही. घरातला सिलिंडर आठवा. तो भरलेला असो की तळाला आलेला, आतला दाब साधारण तोच असतो, म्हणून आपण सिलिंडर हलवून बघतो. आत द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, साठ्यावर नाही. त्यामुळे बंद एसीचा गेजवरचा आकडा बघून किती गॅस आहे ते कळत नाही. तो वजनावरच भरायचा. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, लहान गाड्यांना ४०० ग्रॅमच्या आसपास.

पुढचं काम घरी करण्यासारखं नव्हतं. असलेला गॅस हवेत सोडून देणं साडूंना सोपं वाटत होतं, पण आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट तापमानवाढ करतो. ४०० ग्रॅम सोडणं म्हणजे जवळजवळ अडीचशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखं झालं. शिवाय तो डोळ्यात किंवा हातावर उडाला तर कातडी गोठते. अंबडच्या एका एसीवाल्याकडे मशीनवर गॅस काढून घेतला, ड्रायर आणि सांध्यांतल्या रबरी ओ-रिंगा बदलल्या, जुन्या कंडेन्सरबरोबर गेलेलं तेल मोजून घातलं आणि पाऊण तास व्हॅक्यूम लावला.

व्हॅक्यूमने हवा तर निघतेच, पाणीही उकळून निघतं. दाब हवेच्या चार टक्क्यांवर आणला की पाणी ३० अंशांनाच उकळतं. साडू गेजकडे टक लावून होते. कुठेतरी वाचलेला पाऱ्याच्या २९ इंचांचा आकडा काही येईना, काटा २८च्या अलीकडेच थांबला. पंप बरोबर होता. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, इथे हवाच पारा २८ इंचांपर्यंत तोलते. त्याच्यापुढे काटा जाणार कुठून? पंप बंद करून अर्धा तास बघितलं, काटा हलला नाही. म्हणजे गळतीही नव्हती. मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. ‘‘गार तर मस्त होतंय, पण गाडीखाली पाणी पडत नाही. काहीतरी चुकलंय.’’

काही चुकलं नव्हतं. ते पाणी कुलिंग कॉइलवर जमलेलं हवेतलं दव असतं आणि मे महिन्यातल्या नाशिकच्या कोरड्या दुपारी हवेत दव जमायला ओलावाच कमी असतो. थोडं थांबा म्हटलं.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी त्यांचा फोटो आला. पार्किंगच्या फरशीवर तळहाताएवढा ओला डाग होता.