माशांना कान नसतात? ढोम्याचं डोकं उघडून बघा

"माशांना कुठे कान असतात, बोटींच्या आवाजाचं त्यांना काय" हे मी भाऊच्या धक्क्यापासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत लहानपणापासून ऐकत आलोय आणि ते साफ चुकीचं आहे. ढोमा साफ करताना डोक्यात पांढरे टणक खडे लागतात ना, ते त्याच्या आतल्या कानातलेच! आवाजाने मासा हलतो पण जड खडा जरा मागे राहतो, त्या फरकाने कानातले बारीक केस वाकतात आणि त्याला ऐकू येतं. बरं ढोमा, घोळ नुसतं ऐकत नाहीत, पोटातल्या हवेच्या पिशवीलगतचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात, विणीच्या हंगामात तर जोरात. आता पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त, आणि जहाजाच्या पंख्याची घरघर नेमकी तशाच खालच्या पट्टीतली, मग यांची हाक बुडणारच की. २००१ मध्ये अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर कॅनडाजवळ जहाजं कमी झाली तेव्हा तिथल्या देवमाशांच्या विष्ठेतले तणावाचे हार्मोन्सही उतरले होते. मोबाईलच्या लहरींनी माशांना त्रास होतो असं मात्र उगाच घेऊन बसू नका, खाऱ्या पाण्यात त्या लगेच विरतात. समुद्राखालच्या विजेच्या केबलभोवतीचं विद्युत-चुंबकीय क्षेत्र मुशी-पाकटांना (शार्क आणि रे माशांना) जाणवतं, पण तेही केबलच्या जवळच.