कॉन्फिगरेशन अभियंता (डेटा सेंटर हार्डवेअर)

डेटा सेंटरमध्ये बसवायच्या सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्क उपकरणांची जुळणी ठरवून ती तपासणारा व उपकरणे वापरात येण्यापूर्वी त्यांची फर्मवेअर (उपकरणातच साठवलेले मूलभूत सॉफ्टवेअर) आणि बायॉस (यंत्र सुरू करणारे फर्मवेअर) यांची सेटिंग्ज लावून देणारा अभियंता. सुटे भाग एकेकटे निर्दोष असूनही एकत्र आल्यावर अडतात, आणि ही अडचण कागदावरच पकडणे हा या कामाचा गाभा आहे.

मेमरीचे उदाहरण बोलके आहे. ज्या प्रोसेसरला आठ मेमरी चॅनेल, म्हणजे मेमरीशी जोडणारे स्वतंत्र मार्ग, आहेत, त्याच्या प्रत्येक चॅनेलमध्ये सारख्या क्षमतेची एकेक पट्टी बसवली, तर पूर्ण वेग मिळतो. पट्ट्या काहीच चॅनेलमध्ये दाटीने बसवल्या, तरी यंत्र चालू होते, एकूण मेमरीही बरोबर दिसते, मात्र वेग घटतो आणि कोणताही लाल दिवा लागत नाही. वीजपुरवठ्याचेही तसेच. एका सर्व्हरला १,६०० वॉटचे दोन पॉवर सप्लाय असतील आणि पूर्ण भार १,९०० वॉट असेल, तर दोघे मिळून तो सहज पेलतात. पण त्यांतला एक बंद पडताच उरलेल्याला तो भार झेपत नाही. म्हणजे जोडी राखीव म्हणून घेतली, तरी राखीव काहीच उरलेले नसते. म्हणून हिशेब नेहमी एकाच पॉवर सप्लायवर करावा लागतो.

रॅकची, म्हणजे उपकरणे एकावर एक बसवायच्या चौकटीची, रुंदी १९ इंच आणि उंचीचे एकक ‘यू’, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, हे ठरलेले आहे. ४२ यू उंचीचा रॅक सर्रास आढळतो, तथापि जागा संपण्याआधी बहुधा वीज, उष्णता किंवा जमिनीची भारक्षमता संपते. आत जाणाऱ्या हवेसाठी ‘आश्रे’ या वातानुकूलन क्षेत्रातील अमेरिकी संस्थेने १८ ते २७ अंश सेल्सिअस तापमान सुचवले आहे.

पूर्वी प्रत्येक यंत्राला कीबोर्ड व पडदा जोडून सेटिंग्ज करावी लागत. मदरबोर्डवरील बीएमसी हा स्वतंत्र नियंत्रक, १९९८ मधील आयपीएमआय आणि २०१५ मधील रेडफिश या दूरनियंत्रणाच्या मानकांमुळे, मुख्य यंत्र बंद असतानाही दुरून वापरता येऊ लागला. आज शेकडो यंत्रांना एकच सेटिंग्ज स्क्रिप्टद्वारे लावली जातात. यामुळे चूकही तितक्याच वेगाने पसरते. म्हणून आधी एका यंत्रावर, मग एका रॅकवर, हा क्रम मोडू नये. त्यानंतर यंत्रे पूर्ण भाराखाली काही तास किंवा दिवस चालवून कच्चे भाग आधीच बाहेर काढले जातात. या चाचणीला ‘बर्न-इन’ म्हणतात.

नोंदी ठेवणे हे या कामातील सर्वांत दुर्लक्षित, पण माझ्या मते सर्वांत मोलाचे अंग आहे. दुरुस्तीत बदललेले नेटवर्क कार्ड अनेकदा वेगळ्या फर्मवेअरसह येते आणि एरवी हुबेहूब सारख्या यंत्रांपैकी ते एकच यंत्र अधूनमधून जोडणी सोडू लागते. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक, फर्मवेअर आवृत्ती आणि बदलल्याची तारीख लिहिलेली असेल, तर हा फरक काही मिनिटांत सापडतो.