निसर्गछायाचित्र : निवड व संस्करण

निसर्गदृश्याचे छायाचित्र ठेवावे की टाकावे आणि ठेवल्यास त्याच्या उजेड-सावलीत, रंगांत व चौकटीत कोणते बदल करावेत, हे ठरविण्याची प्रक्रिया. यांतील पहिल्या कामाला छायाचित्रकार ‘सिलेक्शन’ म्हणतात, तर दुसऱ्याला ‘एडिटिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’. दोन्ही कामे वेगळी मानण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली असतात. निगेटिव्ह किंवा फाइल कुठवर सुधारेल याचा अंदाज नसेल, तर ती टाकाऊ आहे की नाही हेही सांगता येत नाही. स्टुडिओतील छायाचित्र फसले तर दिवे हलवून पुन्हा घेता येते. डोंगरावरचा उजेड मात्र पुन्हा तसाच मिळण्याची खात्री नसते, म्हणून या प्रकारात टाकण्याचा निर्णय अधिक जबाबदारीचा ठरतो.

आरंभीची पद्धती : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओल्या कलोडियनचा (एका चिकट द्रावणाचा) प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या काचा वापरात आल्या. लेप सुकण्याच्या आत काच उद्भासित करून (तिच्यावर प्रकाश पाडून) तंबूतच धुवावी लागे. प्रतिमा पसंत न पडल्यास ती काच खरवडून, स्वच्छ करून पुन्हा वापरता येई. निवडीचा पहिला निर्णय त्यामुळे जागच्या जागीच होई. १८६३ ते १८७० या काळात भारतात काम करणाऱ्या सॅम्युएल बोर्न यांनी हिमालयातील मोहिमांत याच पद्धतीने चित्रे घेतली.

कलोडियन प्रामुख्याने निळ्या व अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देई. जमिनीला पुरेसा वेळ द्यावा, तर आकाश निगेटिव्हवर दाट काळे होई आणि कागदावर कोरे पांढरे उमटे. डागाळलेले आकाश निगेटिव्हवर रंग लावून सरसकट झाकून टाकण्याची रीत होती. ग्युस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्रदृश्यांसाठी दुसरा मार्ग घेतला : समुद्राची एक निगेटिव्ह व ढगांची दुसरी, क्षितिजरेषेवर जोडून केलेले मुद्रण. सेत येथील मोठ्या लाटेचे त्यांचे चित्र (सु. १८५७) असेच तयार झाले. त्यांच्या वेगवेगळ्या चित्रांत तेच ढग पुन्हा भेटतात. १८५६ मधील गलबताचे त्यांचे प्रसिद्ध चित्र मात्र एकाच निगेटिव्हवरून केलेले असावे, असे आता सामान्यतः मानले जाते. जोडकाम होते म्हणून ल ग्रे यांना फसवे ठरविणे योग्य नाही. त्या काळच्या रसायनाला जे एका वेळी टिपता येत नव्हते, ते त्यांनी दोन वेळा टिपले.

मुंबईत १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी होते.

ॲन्सेल ॲडम्स : या विषयाची सर्वांत तपशीलवार नोंद अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–८४) यांच्या कामात सापडते. १९२७ मध्ये योसेमिटी खोऱ्यातील हाफ डोम या कड्यासमोर ते उभे होते, तेव्हा त्यांच्याजवळ दोनच काचा उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून घेतली. ती उद्भासित होताच, यात आकाश दिसते तसे उमटेल पण मनातला दबदबा येणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसरी त्यांनी गडद लाल फिल्टर लावून घेतली. त्यामुळे आकाश जवळजवळ काळे झाले आणि तेच चित्र पुढे मान्यता पावले. येथे निवड धुलाईच्या आधी, बटण दाबण्यापूर्वीच झाली होती. याला ते ‘व्हिज्युअलायझेशन’ म्हणत.

न्यू मेक्सिकोतील अर्नांडेस या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे त्यांचे चित्र अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात चुकता-चुकता राहिलेली निगेटिव्ह पुढे कशी वाढवत नेली हे टप्प्याटप्प्याने दिसते. संध्याकाळी परतताना त्यांना पूर्वेला चंद्र, खाली चर्च आणि दफनभूमीतील क्रूसांवर पडलेले तिरपे ऊन दिसले. ८ × १० इंची कॅमेरा घाईघाईने उभा केला, पण प्रकाशमापक सापडेना. चंद्राची दीप्ती चौरस फुटाला २५० कँडल असते, हे त्यांना आठवत होते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या दहा-अकरा पायऱ्यांच्या आपल्या मोजपट्टीवर त्यांनी चंद्र सातव्या पायरीवर ठेवला. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होत जातो, म्हणून मधल्या पाचव्या पायरीला सुमारे ६० कँडल आले. फिल्मचा वेग, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता, ६४; त्याचे वर्गमूळ ८. तेवढ्या एफ-आकड्याच्या छिद्रावर (आकडा मोठा तितके छिद्र लहान) पाचव्या पायरीचे जितके कँडल, सेकंदाचा तितकावा भाग उद्भासन द्यायचे, असा त्यांचा हिशोब असे. म्हणजे एफ/८ छिद्रावर १/६० सेकंद. पिवळ्या फिल्टरसाठी तिप्पट केल्यावर १/२० सेकंद. एफ/३२ पर्यंत छिद्र आवळल्यामुळे सोळापट, म्हणजे जवळपास १ सेकंद. दुसरी फिल्म घेण्यासाठी धारक उलटवेपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले. त्यामुळे निवडायला दुसरी निगेटिव्हच नव्हती.

हिशोब चंद्राचा होता, जमिनीचा नव्हता. त्यामुळे निगेटिव्हचा खालचा भाग पातळ, म्हणजे पुरेसा काळा न झालेला, राहिला. आकाश जास्त दाट होऊ न देता सावल्या उचलण्यासाठी त्यांनी ती आलटून-पालटून डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे रसायन) आणि पाण्यात ठेवून धुतली. तरीही मुद्रण अवघड जाई. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हचा केवळ जमिनीचा भाग तीव्रक द्रावणात बुडवून दाट केला. एकमेव मूळ निगेटिव्हवर असा परत न फिरविता येणारा प्रयोग करणे धाडसाचे होते. सुरुवातीच्या प्रतींत आकाश करडे असून त्यात ढगांच्या फिकट पट्ट्या दिसतात; नंतरच्या दशकांतील प्रतींत त्या पट्ट्या बुडून आकाश काळेभोर झालेले आहे. हा फरक काही भागाला जास्त प्रकाश देऊन तो गडद करणे (बर्निंग) आणि काही भाग झाकून उजळ ठेवणे (डॉजिंग) यांतून आला. आयुष्यभरात त्यांनी या निगेटिव्हच्या १,३०० हून अधिक प्रती काढल्याचे सांगितले जाते. उत्तरकालीन प्रती लोकप्रिय असल्या, तरी आकाशातील पट्ट्या राखणाऱ्या आधीच्या प्रतींत हवेची जाणीव अधिक आहे, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

कालनिश्चिती : ॲडम्स तारखांबाबत निष्काळजी होते. हे चित्र त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणी १९४० ते १९४४ यांतील निरनिराळी वर्षे देऊन छापले. ते १९४३ च्या एका छायाचित्र-वार्षिकात आले असल्याने सर्वांत उशिराचे वर्ष आपोआप बाद होते. १९८० च्या सुमारास छायाचित्रणाचे इतिहासकार बोमाँट न्यूहॉल यांच्या विनंतीवरून कोलोरॅडोतील खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड एल्मोर यांनी चंद्राच्या स्थानावरून गणित करून ३१ ऑक्टोबर १९४१, दुपारी ४ नंतर काही मिनिटे, ही वेळ काढली. ॲडम्स यांनी ती स्वीकारली. ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकाचे डेनिस डि चिक्को यांना हे उत्तर चित्राशी जुळेना. त्यांनी जागेवर जाऊन पाहणी केली, तेव्हा कॅमेरा आजच्या महामार्गावर नसून जुन्या रस्त्याच्या कडेला उभा असावा, असे त्यांना आढळले. त्यांनी १९९१ मध्ये १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे २० सेकंद ही वेळ प्रसिद्ध केली. एल्मोर यांनीही फेरतपासणी करून ती मान्य केली.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. लागोपाठच्या दोन दिवशी तेवढ्या अंतराने तो आकाशात जवळपास त्याच उंचीवर येतो, म्हणून ही दोन उत्तरे एकमेकांच्या इतकी जवळ पडली. त्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य ५ वाजून १० मिनिटांच्या आसपास मावळतो. क्रूसांवरचे मावळते ऊन ४ वाजता पडण्यापेक्षा पावणेपाचनंतर पडणे अधिक संभवनीय आहे. हा पुरावा निर्णायक मात्र नव्हे. ॲडम्स यांच्या सांगण्याप्रमाणे सूर्य पश्चिमेच्या ढगांआड जाण्याच्या बेतात होता. एकंदरीत १ नोव्हेंबर ही तारीख ग्राह्य धरावी. सेकंदापर्यंतच्या अचूकतेबद्दल सावध राहिलेले बरे.

वर वापरलेली पायऱ्यांची मोजपट्टी, म्हणजे ‘झोन सिस्टिम’, ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास लॉस अँजेलिसमध्ये शिकवताना बांधली. ॲडम्स तिला शोध न मानता जुन्या प्रकाशमापनशास्त्राची मांडणी मानत. मिळालेला प्रकाश आणि निगेटिव्हची दाटता यांचे नाते मोजणाऱ्या हर्टर व ड्रिफील्ड यांच्या १८९० मधील संशोधनाकडे पाहता हे म्हणणे रास्त वाटते.

बदलाची मर्यादा : उजेड-गडदपणाचा समतोल बदलणे आणि दृश्यात नसलेली वस्तू आणणे यांत भेद केला जातो. फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकाने एकमेकांजवळ सरकविले गेले आणि त्यावर मोठी टीका झाली. २०१२ मध्ये ब्रिटनमधील ‘लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेचे पहिले बक्षीस नियमबाह्य संस्करणामुळे काढून घेण्यात आले. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, संस्करण न केलेली) मागण्याची पद्धत स्पर्धांत आता सर्रास दिसते.

डिजिटल संस्करण : १४ बिटी रॉ फाइलमध्ये प्रत्येक वाहिनीला (लाल, हिरवा वा निळा रंग) उजेडाच्या १६,३८४ पातळ्या असतात, ८ बिटी जेपेगमध्ये २५६. सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो. म्हणून रॉ फाइलमधील निम्म्या पातळ्या (८,१९२) सर्वांत उजळ एका स्टॉपमध्ये (प्रकाश निम्मा वा दुप्पट होण्याची एक पायरी) खर्च होतात, त्याखालच्या स्टॉपमध्ये ४,०९६, आणि सावल्यांच्या वाट्याला फारच थोड्या. छायाचित्र ठेवण्याजोगे आहे का, हे पाहताना हिस्टोग्रामचे (उजेडाच्या पातळ्यांच्या आलेखाचे) उजवे, म्हणजे सर्वांत उजळ, टोक प्रथम तपासतात ते यामुळेच. लाल, हिरवी व निळी या तिन्ही वाहिन्या टोकाला भिडल्या असतील, तर तेथील तपशील कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. एखादी वाहिनी शाबूत असेल तर बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो. सावल्या उचलता येतात, पण त्यांबरोबर दाणेदार नॉइज वर येतो.

सह्याद्रीत ही अडचण पावसाळ्यात नेहमीची. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दुपारी पश्चिमेला रोखलेल्या चित्रात ढगांचा पांढरा भाग जळतो, म्हणजे तपशील जाऊन कोरा होतो, आणि कड्याचा खडक काळा पडतो. ढगाला धरून उद्भासन घेतलेली फाइल स्क्रीनवर अंधारी दिसते, तीच ठेवावी. उजळ व छान दिसणारी, पण ढग जळालेली फाइल संस्करणाला दाद देत नाही. धुके कमी करणारी ‘डिहेझ’ सोय अशा चित्रांत जपून वापरावी. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगांमुळेच चित्राला खोली येते. धुके पुसले की मागची रांग पुढे येऊन चिकटते. कास पठारावरील तेरड्याच्या चित्रांत सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढविले, तर गुलाबीआधी गवताचा हिरवा भडक होतो. अशा वेळी फक्त गुलाबी छटेला हात लावणे इष्ट.

वाकडे क्षितिज सरळ करताना कोपरे कापले जातात. लांबी व रुंदी प्रत्येकी एकपंचमांशाने कमी केल्यास ६४ टक्के पिक्सेल उरतात : २४ मेगापिक्सेलचे सुमारे १५. इंचाला ३०० पिक्सेल या दराने मुद्रणाची लांबी २० इंचांवरून १६ इंचांवर येते. स्क्रीनसाठी हे नुकसान नगण्य आहे.

टाकणे व जपणे : ॲडम्स यांनी आपला संग्रह ॲरिझोनातील टूसॉन येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफी’कडे सोपविला. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि मुद्रण हे तिचे वादन, अशी त्यांची धारणा असल्याने पुढच्यांनीही त्यांवरून शिकावे, असे त्यांना वाटे. अमेरिकन छायाचित्रकार ब्रेट वेस्टन यांची भूमिका नेमकी उलट होती : आपल्या निगेटिव्हचे मुद्रण दुसऱ्या कोणी करू नये. १९९१ मध्ये ८० व्या वाढदिवशी त्यांनी बहुतेक निगेटिव्ह जाळून टाकल्या. अभ्यासाच्या दृष्टीने ही हानी मोठी आहे. वेस्टन यांच्या हातून कोणती चित्रे नाकारली गेली आणि का, हे आता तपासता येत नाही. अर्नांडेसची निगेटिव्ह टिकल्यामुळेच १९४८ मधील तीव्रीकरणाची सीमा आजही तिच्यावर शोधता येण्यासारखी आहे.