शिकागोने नदी उलटी फिरवली

१८५० साली शिकागोची वस्ती जेमतेम ३० हजार होती. १८९० मध्ये ती ११ लाखांच्या घरात गेली. रेल्वे, धान्य आणि मांसाच्या व्यापारावर शहर फुगलं. एवढ्या माणसांचा मैला जायचा कुठे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

मिशिगन सरोवराकाठची ही जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा काही फूटच उंच, वर चिकणमाती. पाणी मुरतही नाही आणि वाहतही नाही. १८५४ च्या पटकीत शंभरातली जवळपास सहा माणसं दगावली. मग बोस्टनहून एलिस चेसब्रो या अभियंत्याला बोलावलं. गटारांना उतार द्यायला खाली जागाच नव्हती, म्हणून त्याने ती जमिनीवरच टाकली आणि भराव घालून रस्ते वर घेतले. आता घरं खड्ड्यात! तर तीही उचलली. विटांच्या मोठाल्या इमारतींखाली स्क्रू जॅक लावायचे आणि इशारा झाला की सगळ्या मजुरांनी ते एकाच वेळी थोडेसे फिरवायचे. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची दुकानांची अख्खी रांग अशी साडेचार फुटांहून जास्त वर गेली, तीही आतला धंदा न थांबवता.

गटारं उत्तम झाली. पण ती शिकागो नदीत पडत, नदी सरोवरात जाई आणि शहर पाणी पीत होतं त्याच सरोवराचं. १८६७ मध्ये सरोवराच्या तळाखालून दोन मैलांचा बोगदा काढून दूरचं पाणी आणलं. जोराचा पाऊस झाला की घाण तिथवरही पोचे. त्यात युनियन स्टॉक यार्ड्सच्या कत्तलखान्यांची भर. रक्त, आतडी नदीच्या एका फाट्यात पडून प्राणवायूविना कुजत आणि तळातून वायूचे बुडबुडे येत. त्या फाट्याला लोक आजही ‘बब्ली क्रीक’ म्हणतात. १८९१ मध्ये विषमज्वराने सुमारे २००० बळी घेतले.

शेवटी नदीचाच प्रवाह फिरवायचं ठरलं. शहराच्या पश्चिमेला एक बुटका उंचवटा आहे: अलीकडचं पाणी सरोवराला मिळतं, पलीकडचं मिसिसिपीला. तो फोडून २८ मैलांचा कालवा सरोवराच्या पातळीहून खोल खणला. पुढचं काम गुरुत्वाकर्षणाने केलं. २ जानेवारी १९०० ला पाणी सुटलं आणि नदी सरोवराकडे पाठ फिरवून वाहू लागली. सरोवराच्या पाण्याने मैला पातळ होईल, वाटेत जंतू मरतील, असा हिशेब होता. मला तो हिशेब कमी आणि सोय जास्त वाटते.

खाली मिझुरी राज्यातलं सेंट लुईस शहर मिसिसिपीचंच पाणी पीत होतं. मिझुरी राज्याने थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. पुरावा म्हणून एका निरुपद्रवी जंतूची १०७ पिंपं कालव्यात ओतली गेली होती. महिन्याभराने तो जंतू ३५७ मैल खाली, सेंट लुईसच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी सापडल्याचं सांगण्यात आलं. तरीही १९०६ मध्ये निकाल मिझुरीच्या विरोधात गेला. विषमज्वर शिकागोहूनच आला हे सिद्ध झालं नाही, शिवाय मिझुरीची स्वतःची गावंही मैला नदीतच सोडत होती. शिकागोने १९१२ पासून पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात केली. सांडपाणी शुद्ध करणारं पहिलं मोठं केंद्र शहराच्या दक्षिणेकडच्या कॅल्युमेट भागात सुरू व्हायला १९२२ उजाडलं.