किंग्ज गँबिट दोन्ही बाजूंनी: तिसऱ्या चालीतल्या डी६ मागची गोष्ट

किंग्ज गँबिट, म्हणजे बुद्धिबळातली ई४ ई५ एफ४ ही सुरुवात (ओपनिंग), ज्यात पांढरा एफ४ चं प्यादं देऊ करतो आणि काळा ते मारून स्वीकारू शकतो. (अक्षर म्हणजे पटावरचा उभा रकाना, आकडा म्हणजे आडवी ओळ, आणि मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची.) ती पांढऱ्याकडून शिकणारे भरपूर असतात. काळ्याकडून मात्र बहुतेक जण एखादी लाईन, म्हणजे चालींचा ठरलेला क्रम, पाठ करून मोकळे होतात. पण या ओपनिंगचा इतिहास नीट बघितला तर थिअरीला खरं वळण लावलं ते पट फिरवून दुसऱ्या बाजूला बसलेल्या खेळाडूंनी, असं माझं ठाम मत आहे.

जुना भाग पटकन सांगतो. ई४ ई५ एफ४ ची चर्चा सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश पुस्तकात आहे, आणि एकोणिसाव्या शतकात तर ई५ खेळणाऱ्याने याची तयारी ठेवायलाच लागायची. १८५१ साली लंडनमध्ये झालेला तो प्रसिद्ध डाव, ज्यात पांढऱ्याने दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली, तोही हाच गँबिट, तिसऱ्या चालीला उंट सी४ वाला. तो डाव सगळे पांढऱ्याच्या नजरेनेच बघतात. काळ्याने वजीर किती फिरवला आणि बाकीचे मोहरे घरातच कसे राहिले हे त्याच्या बाजूने बघितलं तर बचावाबद्दल त्यातून जास्त शिकायला मिळतं.

दोन्ही बाजूंचा मुद्दाम अभ्यास सुरू झाला तो १९०० च्या आसपास. १९०३ मध्ये व्हिएन्नात एक अख्खी स्पर्धा अशी झाली की प्रत्येक डाव किंग्ज गँबिट स्वीकारूनच सुरू करायचा, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही रंगांनी तेच खेळावं लागलं. त्याच काळात न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत उद्योजकाने किझेरित्स्की लाईनमध्ये (प्यादं स्वीकारल्यावर घोडा एफ३, जी५, एच४, जी४, घोडा ई५) पांढऱ्याने आठव्या चालीला कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) करून ई५ वरचा घोडा सोडून द्यायची कल्पना काढली आणि ती खरी ठरावी म्हणून स्पर्धा, सामने, विश्लेषण या सगळ्यावर वर्षानुवर्षं पैसा ओतला. मोठमोठे मास्टर दोन्ही बाजूंनी बसले. दुःख याचं वाटतं की त्या जागी साधं डी४ खेळून पांढऱ्याचं व्यवस्थित चालत होतं, घोडा द्यायची काही गरजच नव्हती. एवढी मेहनत एका अनावश्यक बळीवर गेली.

आता खरा वादाचा मुद्दा. १९६० मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाटाला सतरा वर्षांचा एक अमेरिकन काळ्याने खेळत होता, समोर सोव्हिएत ग्रँडमास्टर. घोडा एफ३, जी५, एच४, जी४, घोडा ई५, म्हणजे किझेरित्स्कीच. काळ्याचा डाव बराच वेळ चांगला होता पण शेवटी हरला आणि ते त्याला फार लागलं. १९६१ मध्ये त्याने लेख लिहून जाहीर केलं की किंग्ज गँबिट संपला, तिसऱ्या चालीला डी६ खेळा आणि पांढरा हरतो.

डी६ ची आयडिया समजायला सोपी आहे. एफ४ चं प्यादं टिकवायला काळ्याला जी५ हवं, पांढरा एच४ ने ते फोडायला बघतो, मग जी४ होतं आणि घोडा ई५ वर उडी मारून जी४ आणि एफ७ दोन्हीकडे बघतो. डी६ आधी खेळलं की ई५ ची उडीच बंद. त्यात पांढऱ्याने उंट सी४ केला की काळा एच६ करतो, मग जी५, उंट जी७, आणि आता एच४ ने काही फुटत नाही कारण एच८ च्या हत्तीला उंटाचा आधार आहे. इथपर्यंत लेखाचं म्हणणं मला पटतं.

पण पांढऱ्याच्या खुर्चीत बसा आणि क्रम बदला. चौथ्या चालीला लगेच डी४, मग जी५ ला लगेच एच४. काळ्याला एच६ करायला वेळच नाही, जी४ करावंच लागतं, आणि घोडा परत जी१ वर. बघायला विचित्र वाटतं, पांढऱ्याच्या सहा चाली झाल्या तरी दोघांचाही एकही मोहरा घराबाहेर नाही! पण आता मोजा, ई४ आणि डी४ दोन्ही प्यादी मधोमध उभी, काळ्याची एफ४ आणि जी४ पुढे जाऊन उघडी पडलीत, सी१ चा उंट एफ४ कडे बघतोय आणि घोडाही पुढे ई२ वरून तिथेच येणार. काळा उंट एच६ ने सांभाळतो, खेळता येतं, कदाचित काळ्याचं थोडं बरंही असेल. पण पांढरा हरतो असं म्हणण्यासारखं तिथे काहीच नाही. डी६ हा उत्तम बचाव आहे, त्याला खंडन म्हणणं चूक होतं आणि अजूनही लोक तसंच सांगत फिरतात ते मला खटकतं.

आणि याची सर्वात मोठी साक्ष त्या लेखकाचीच. १९६३ च्या अखेरीस सुरू झालेल्या अमेरिकन चॅम्पियनशिपमध्ये, जिथे त्याने अकराच्या अकरा डाव जिंकले, तो स्वतः पांढऱ्याने किंग्ज गँबिट खेळला, आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हियात पुन्हा. फक्त तिसरी चाल घोडा एफ३ नव्हती, उंट सी४ होती. म्हणजे स्वतःच्या डी६ ला त्याने वळसा घातला. उंट सी४ वर वजीर एच४ शह आला की राजा एफ१ वर जातो, कॅसलिंग गेलं, पण घोडा एफ३ वर येताना वजिरावर हल्ला करत वेळ भरून काढतो. काळ्याला नक्की काय हवंय हे ज्याने आधी कागदावर सिद्ध करायला घेतलं होतं त्यालाच ही लाईन निवडणं सुचलं, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

नंतर २०१० मध्ये रोमानियातल्या बड्या स्पर्धेत हा गँबिट खेळला गेला आणि पांढरा जिंकला, तिथे काळ्याने दुसऱ्याच चालीला डी५ केलं होतं. २०१२ च्या एप्रिलमध्ये बातमी आली की कॉम्प्युटरने किंग्ज गँबिट पूर्ण सोडवला, तिसऱ्या चालीला फक्त उंट ई२ ने बरोबरी होते. तो एप्रिल फूल होता, पण कितीतरी लोकांनी खरं मानलं, आणि १९६१ च्या लेखाने खंडन हा शब्द डोक्यात बसवलेला होता म्हणून ते इतकं सहज खपलं असं मला वाटतं.

आज इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा कॉम्प्युटर प्रोग्राम, काळ्याला थोडं बरं दाखवतं, आणि गंमत म्हणजे डी६ पेक्षा थेट जी५ ला जास्त मान आहे. एच४ जी४ घोडा ई५ आणि आत्ता डी६, म्हणजे तेच प्यादं दोन चाली उशिरा, जी४ चं प्यादं परत देऊन घोडा एफ६ वर काढायचा. एफ६ वर घोडे कापले गेले आणि वजीर तिथे आला की पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३ वरून डी५ ला येतो, काळ्याचा वजीर जी६ वर सरकतो आणि डी३ नंतर जी३ वरून शह देतो, तेव्हा पांढऱ्याचा राजा डी२ वर चालत जातो. ही पोझिशन आधी काळ्याकडून बघा, शह किती आहेत ते मोजा, आणि मग पांढऱ्याकडून सी७ वर घोड्याचा राजा आणि हत्ती दोघांवर दुहेरी मार कधी बसतो ते शोधा.