आधुनिकता

केवळ परंपरेचा दाखला पुरेसा न मानता विचार, कायदा व सामाजिक व्यवहार वर्तमानाच्या कसोटीवर तपासून घेणारी वृत्ती आणि तीतून घडणारी समाजस्थिती. ‘अधुना’ (आता) या संस्कृत अव्ययापासून ‘आधुनिक’ हे विशेषण व त्यावरून हे भाववाचक नाम सिद्ध होते.

युरोपीय भाषांतील समानार्थी शब्द लॅटिन ‘मोदेर्नुस’वरून आले, त्याच्याही मुळाशी ‘मोदो’ म्हणजे ‘नुकतेच’ हे क्रियाविशेषण आहे. पहिला वापर कोणाचा, यावर मतभेद आहेत. काही जण सहाव्या शतकातील रोमन लेखक कासिओदोरुसचे नाव घेतात. तथापि पोप पहिला जेलासिअस याच्या सुमारे ४९४-९५ मधील पत्रांत शब्द आढळत असल्याने पाचव्या शतकाची अखेर अधिक ग्राह्य ठरते. तेथे अर्थ ‘चालू काळातील’ एवढाच आहे. नवे ते जुन्याहून सरस, हा भाव बराच नंतरचा. फ्रेंच लेखक शार्ल पेरोची कविता १६८७ मध्ये फ्रेंच अकादमीत वाचली गेली व तीवरून प्राचीन लेखक श्रेष्ठ की अर्वाचीन, हा वाद पेटला, तेव्हा तो ठळक झाला. ‘मॉदेर्निते’ (आधुनिकता) या फ्रेंच नामाला कवी बोदलेरच्या १८६३ मधील निबंधाने प्रतिष्ठा मिळाली. मात्र शब्द त्यानेच घडवला, हे मत टिकत नाही. फ्रेंच लेखक शातोब्रियाँच्या लेखनात तो आधीच येतो.

मराठीत आधुनिकता, आधुनिकीकरण व आधुनिकवाद यांची गल्लत नेहमीची आहे. मर्ढेकरांच्या कवितेची चर्चा आधुनिकवादात, म्हणजे साहित्य-कलांतील नवप्रवाहात मोडते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी नाशिक आधुनिक झाले असे म्हणतात, ते आधुनिकीकरण होय.

नाशिकच्या संदर्भात या संज्ञेचा खरा कस काळाराम मंदिर सत्याग्रहात लागतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक पंचवटीत पोहोचली, तेव्हा मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदाघाटाकडे वळली, तेथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून स्त्रियांसह सत्याग्रहींच्या तुकड्या दरवाजांसमोर बसल्या. वरवर मागणी देवदर्शनाची असल्याने काही जण ही चळवळ धर्मसुधारणेत जमा करतात. पण या सत्याग्रहातील सहकारी दादासाहेब गायकवाडांना मार्च १९३४ मध्ये लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी हेतू स्पष्ट केला आहे: अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा नव्हता, आपल्या स्थितीची जाणीव होऊन त्यांच्यात चैतन्य यावे, यासाठी होता. रूढीने नाकारलेला हक्क माणूस म्हणून उघडपणे मागणे, हे आधुनिकतेचे लक्षण येथे जितके स्वच्छ दिसते तितके आगगाडी वा छापखान्याच्या आगमनात दिसत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा झाली व मंदिरप्रवेशाचा लढा मागे पडला.